गाव सुटताना : अलीकडे वाचलेल्या चार कादंबऱ्या

या उन्हाळ्यात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचायला घेतली ती एका दुपारपुरती. पण वाचून झाल्यावर जी रुखरुख लागून राहिली, तिच्यापायी पुढच्या काही महिन्यांत आपले ठिकाण सुटलेल्या माणसांच्या आणखी तीन कादंबऱ्या वाचल्या. चारही पुस्तके मला सारखीच आवडली असे नाही. ती पाठोपाठ वाचल्यामुळे मात्र एक गोष्ट मनात पक्की झाली : गाव सुटण्याचे दुःख वाचकाला किती लागते, हे त्या शेवटच्या प्रसंगाच्या वर्णनावर अवलंबून नसून, गाव नांदते असताना लेखकाने ते आपल्याला किती दाखवले यावर अवलंबून असते.

‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातल्या, मेंढ्यांवर जगणाऱ्या एका छोट्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा सुरू करतो आणि हळूहळू वस्तीचाच एक होऊन जातो. शाळकरी वयात मला ही मास्तराची गोष्ट वाटली होती. आता वाचताना जाणवले की मास्तर हा केवळ पाहणारा आहे, आणि गोष्ट आहे ती वाडीची. अंजीची चोळी शिवून आणण्यासारख्या साध्या कामावरून कारभाऱ्याच्या मनात येणारी अढी, आनंदा रामोशाचे उघड्यावर चालणारे उचलेपण, बैल अपुरा पडतो म्हणून स्वतः जोखडाला खांदा देणारी शेकूची बायको, सगळ्यांच्या कष्टांतून उभी राहणारी तालीम आणि तिच्यासाठी वाडीत येणारा राजा, हे सारे माडगूळकर इतक्या आटोपशीर वाक्यांत सांगतात की कुठे हळहळ नाही आणि कुठे कौतुकाचा सूरही नाही. शेकूच्या बायकोचा प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकाने डोळ्यांत पाणी आणण्यासाठी वापरला असता. इथे तो नांगरटीच्या दिवसांतले एक काम म्हणून येतो, आणि म्हणूनच मला तो विसरता येत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे माणदेशी, ही वाटणीही किती योग्य आहे! मास्तर वाडीत कितीही मिसळला तरी तो बाहेरून आलेला आहे, हे ती भाषा न सांगता सांगते. मग पाऊस दगा देतो, चारा संपतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे जगायला बाहेर पडतात. ही शेवटची पाने फार थोडी आहेत, पण तोवर प्रत्येक घर ओळखीचे झालेले असल्यामुळे त्यांतले प्रत्येक बंद दार आपल्याला मोजावेसे वाटते.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) हिच्या अगदी उलट प्रकृतीची आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलेल्या गावाची, खैरमोडे गुरुजींची आणि पुनर्वसनाच्या नावाखाली झालेल्या फरपटीची ही मोठी कादंबरी आहे. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भूसंपादन, नुकसानभरपाई, पर्यायी जमीन, हेलपाटे यांची तिच्यातली माहिती बिनतोड आहे, आणि प्रकल्पग्रस्त या कोरड्या सरकारी शब्दामागे काय काय भरडले जाते हे मराठीत इतक्या तपशिलाने मांडणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. तरीही माझी एक तक्रार आहे. अन्यायाचे प्रसंग एकावर एक इतके रचले जातात की मधल्या भागात वाचकाचे मन बधिर होऊ लागते, आणि त्रास देणारी माणसे पहिल्याच भेटीत पुरती कळून चुकतात. गुरुजी मात्र शेवटपर्यंत जिवंत वाटतात.

धरणग्रस्तांचाच विषय कृष्णात खोत यांनी ‘रिंगाण’मध्ये फार वेगळ्या वाटेने हाताळला आहे. मूळ गावाकडे मागे राहिलेली म्हैस आणायला गेलेला माणूस आणि रानात राहून माणसाची ओळख विसरलेले ते जनावर, एवढ्याच धाग्यावर ती उभी आहे. बोलीचा पोत दाट असल्याने मला सुरुवातीला दोनदा थांबून मागे जावे लागले. पण तो वेळ सत्कारणी लागला, कारण विस्थापन जनावराच्या बाजूने पाहण्याची कल्पनाच मला नवी होती. साहित्य अकादमीने २०२३ च्या पुरस्कारासाठी या कादंबरीची निवड केली याचा मनापासून आनंद वाटतो.

सर्वांत शेवटी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचली. १९३९ सालची ही छोटी कादंबरी युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडते. प्रेमात पोळलेला आणि त्यामुळे मनाने कठोर झालेला चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही गोष्ट आहे. चक्रधराच्या जुन्या प्रेमाचा भाग मला आज थोडा बेतलेला वाटला. बोटीवरचे दिवस मात्र श्वास रोखायला लावतात, कारण इथे मागे गाव उरलेले नाही आणि पुढे कुठले बंदर आपल्याला उतरवून घेईल याचीही खात्री नाही. मुंबईला चक्रधर उतरतो, तिला उतरता येत नाही, आणि बोट चीनच्या दिशेने पुढे जाते. त्यानंतर येणारी हॅर्टाची पत्रे मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. पुस्तक मिटून ठेवले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडले आणि शेवटचे पत्र उभ्यानेच वाचले.