नववं पान कोरं ठेवणारी प्रेस

नागपुरात चितार ओळीजवळच्या या लहानशा प्रेसमधून मी माझ्या गोष्टीच्या ६० प्रती छापून घेतल्या. काम मनासारखं झालं. ते कसं झालं हे सविस्तर लिहिते आहे, कारण ५०-६० प्रती हव्या असलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी नीट बसूनही घेत नाहीत.

आधी गोष्टीबद्दल. माझी नात आठवीत आहे, तिसरीपासून तबला शिकते. यंदा तिच्या बाबानं, म्हणजे माझ्याच मुलानं, तिला प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या फाउंडेशन क्लासला घातलं आणि संध्याकाळचा तबला बंद झाला. घरात बोलून पाहिलं, काही होईना. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मग जे मला येतं ते केलं, गोष्ट लिहिली. इतवारीतल्या धान्याच्या दुकानदाराची मुलगी चिमी, डब्यावर, पाटावर, तुरीच्या पोत्यावर वाजवत सुटते. बापाला वाटतं तिनं हिशेब शिकून गल्ल्यावर बसावं. आजी म्हणते, पोरीच्या जातीला हे शोभत नाही. ही आजी मी माझ्या आजीवरूनच घेतली आहे. महालातल्या आमच्या वाड्यात मीही ताटावर वाजवायची. एकदा तिनं माझी बोटं आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवली, जेवण होईपर्यंत सोडली नाहीत. ती मूठ मला अजून आठवते.

गोष्ट १६ पानांची आहे, कारण तबल्यातला तीनताल १६ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा. एक पान एक मात्रा. नवव्या मात्रेला 'खाली' येते, म्हणजे तिथे टाळी नसते, हात नुसता उघडतो. गोष्टीत नवव्या पानावर चिमीचा तबला माळ्यावर गेलेला आहे. म्हणून ते पान मी कोरं ठेवलं, तळाशी फक्त खालीचं शून्य. चित्रं माझ्या भाचीनं काढली.

पहिल्यांदा मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तिथल्या प्रूफात नवव्या पानावर फुलांची वेलबुट्टी आली. "मॅडम, पान खाली खाली वाटत होतं." शिवाय चिमीचं तोंड पानाच्या आत वळावं म्हणून त्यांनी चित्र आरशासारखं उलटं केलं होतं. तबला डाव्या हाताखाली गेला आणि डग्गा, म्हणजे जोडीतला मोठा, उजव्या. नातीनं एका नजरेत ओळखलं. मी आगाऊ दिलेले पैसे सोडून दिले आणि फाइल घेऊन निघाले.

इथे आले ती ओळखीच्या एका बाईंच्या सांगण्यावरून. मी त्रिमूर्तीनगरला राहते. सुभाष नगरहून मेट्रोच्या ॲक्वा लाइननं चितार ओळ चौक स्टेशनला उतरले आणि पुढे पायी. दिवस गणपतीच्या आधीचे, मूर्तिकारांच्या मांडवांवर प्लास्टिक ताणलेलं, आत ओल्या मातीचा वास. प्रेस खाली, डीटीपी वर माळ्यावर. प्रेसवाल्या भाऊंनी फाइल उघडली आणि दर सांगायच्या आधी पूर्ण गोष्ट वाचली. मग म्हणाले, "काकू, डग्ग्याची शाई मधात नसते न जी. कडेकडं असते." शाई म्हणजे कातड्यावरचा काळा गोल. भाचीनं तबल्यासारखीच ती मधोमध काढली होती. मी, नात, भाची, तिघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भाऊ भजनी मंडळात वाजवतात, हे नंतर कळलं.

नवव्या पानाबद्दल मी सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "हे खाली आहे ना? मंग कोरंच राहील." आणि त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मला सुचलीही नव्हती. १६ पानांच्या पुस्तकाला मधोमध पिन मारली की ती आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये बसते. पुस्तक हातातून टेबलावर ठेवलं की आपोआप तिथेच उघडतं. मी ते चार वेळा करून पाहिलं.

शाईचंही तसंच. तबल्याची शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ थरावर थर घासून बसवलेली, तिला एक गडदपणा असतो. नुसता काळा छापला तर करडा दिसतो, म्हणून त्यांनी काळ्याखाली थोडा निळा घातला आणि दोन्ही नमुने माझ्यासमोर ठेवले. फरक पोरांनाही कळेल इतका आहे.

मजकूर मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना तबल्याच्या बोलांतला 'त्रक' तुटला आणि 'धिं'वरचे अनुस्वार गळाले. तीन प्रूफं लागली. तिन्ही वेळा कुरकुर नाही, जादा पैसे नाहीत. आतला कागद १३० जीएसएमचा मॅट, कव्हर जाड, मॅट लॅमिनेशन, घडीवर आधी क्रीझ मारलेली, त्यामुळे कव्हर तडकत नाही. एका प्रतीला ९५ रुपये, एकूण ५,७०० झाले.

मागच्या कव्हरच्या आत डॉ. आबान मिस्त्रींवर चार ओळी आहेत. माझ्या तरुणपणी या बाई मुंबईत एकल तबला वाजवत होत्या, पुढे तबल्यावर संशोधनही केलं. महालात आम्हाला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ते चार ओळींचं चौकट नसलेलं साधं पान भाऊंनी फार छान मांडलं.

उणं सांगायचं तर जिना उभा आहे आणि दोरीला धरून चढावं लागतं, माझ्या गुडघ्यांना जड गेलं. दुपारी फोन उचलत नाहीत. सांगितलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशीर झाला, कारण वर्गणीच्या पावतीपुस्तकांची घाई होती. सणाच्या महिन्यात काम द्यायचं असेल तर हे धरूनच चला.

पहिली प्रत नातीला दिली. मुलानं ती रात्री जेवताना चाळली, मध्ये थांबला आणि विचारलं, "हे नववं पान कोरं काहून?" ती काही बोलली नाही. तिनं उजवा हात हवेत उघडला, खालीला उघडतात तसा. तो बराच वेळ ते पान धरून होता. क्लासचं अजून काही ठरलेलं नाही.

बाकीच्या प्रती बिल्डिंगमधल्या आणि शाळेतल्या मुलांकडे गेल्या. आता आणखी ४० छापायला टाकल्या आहेत. बाराव्या पानावर 'पायली'चं 'पालयी' झालं होतं, ती माझी नजरचूक. भाऊंनी फाइल जपून ठेवली होती, फोनवरच दुरुस्त केलं.