ऑसी बुलडॉग, चौदा महिन्यांनंतर

लिहायला बसले ते कुत्र्याच्या विम्याच्या पत्रामुळे. क्लेम नाकारला आहे. त्याबद्दल खाली लिहिते, आधी कुत्र्याबद्दल.

जातीची माहिती तुम्ही वाचलेलीच असणार. नव्वदच्या दशकात इंग्लिश बुलडॉगमध्ये बॉक्सर, बुलमॅस्टिफ वगैरे मिसळून ऑस्ट्रेलियाच्या हवेला सोसेल असा कुत्रा तयार करायचा घाट इथल्या काही ब्रीडरांनी घातला, त्यातला हा. आमचा भोपळा २९ किलोचा, ब्रिस्बेनमध्ये राहतो, किंमत ३,२०० डॉलर. किंमत ऐकून आई सांगलीहून फोनवर एवढंच म्हणाली, "अगं, एवढ्यात म्हैस आली असती."

"उन्हाला चालतो," असं ब्रीडरने सांगितलं होतं. कोरड्या उन्हाला चालतो. पण इथला जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे मुंबईचा ऑक्टोबर, अंगाला चिकटणारा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. हवाच ओली असली की जिभेवरचं पाणी उडत नाही, त्यात नाक आखूड. फेब्रुवारीत संध्याकाळी सहाला, ३१ अंशांत, पंधरा मिनिटं चाललो आणि हा रस्त्याकडेच्या झाडाखाली बसला तो बसलाच. जीभ जांभळट. २९ किलो उचलता येईना. तेव्हा आई इथेच होती. तिने माझ्या हातातली बाटली घेतली, सगळं पाणी त्याच्या पोटावर आणि पायांवर ओतलं आणि पदराने वारा घालत राहिली. डॉक्टरचं बिल ४८० डॉलर.

आता फिरणं पहाटे पाचला. उन्हाळ्यात इथे त्याच्याही आधी उजाडतं, त्यामुळे तक्रार नाही. दुपारी हा फ्रिजसमोरच्या फरशीवर, त्याला ओलांडूनच दूध काढायचं.

पण माझी खरी तक्रार उन्हाची नाहीच. ती नाकावरच्या घडीची आहे. एकच घडी, करंगळीएवढी. इंग्लिशपेक्षा सुरकुत्या कमी, हे खरं, पण जी आहे तिच्यात पाणी, लाळ, डोळ्यांतली घाण सगळं साचतं. दोन दिवस पुसलं नाही तर ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि आतली कातडी लाल होते. पाळीव प्राण्यांचे ओले वाइप्स १४ डॉलरला पाकीट, दहा दिवसांत संपतं. म्हणजे वर्षाचे पाचशे, एका घडीपायी! त्यातून वाइपने घडी ओलीच राहते, म्हणजे पैसे देऊन बुरशी वाढवायची. आईने तिची जुनी सुती साडी फाडून चौकोनी फडकी केली. कोमट पाण्यात बुडवून एक, लगेच कोरडं दुसरं. कोरडं करणं महत्त्वाचं. तेव्हापासून वास नाही.

वरचं लिहून तीन आठवडे झाले. "घेऊ नका" असं लिहून संपवणार होते, ते आता खोडते. मधल्या काळात सहा वर्षांची लेक तापाने चार दिवस झोपून होती. हा पलंगाखालून हलला नाही, जेवायलाही हाक मारावी लागली. दाराची बेल वाजली तर भुंकत नाही, मुलीने कान ओढले तरी नुसता उसासा टाकतो. घोरणं मात्र नवऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत.

आता विमा. कंपनीचं म्हणणं, श्वासाचा त्रास या कुत्र्यांच्या घडणीतच असतो, म्हणून तो "आधीपासूनचा". अहो, मग महिना ७४ डॉलर घेताना कुत्र्याचं तोंड पाहिलं नव्हतं का? फोटो तर मागवला होता. डॉक्टरांनी नाकपुड्या मोकळ्या असल्याचं लिहून दिलं, तरी उत्तर तेच. विमा बंद केला, ७४ डॉलर आता वेगळ्या खात्यात जातात. असा कुत्रा घेणार असाल तर विम्याच्या कागदातली "आधीपासूनचा"ची ओळ आधी वाचा, आणि पिल्लाचे आईबाप दुपारी धापा कशा टाकतात ते ब्रीडरकडे जाऊन बघा.

आई मेमध्ये परत जाते आहे. फडक्यांसाठी दोन जुन्या साड्या ठेवून जाते म्हणाली. त्यातली एक इरकल आहे, ती मी लपवली.