डबल बेससाठी हलका ॲम्प: आठ महिन्यांनंतर, आणि ते हँडल

गेल्या गुरुवारी दादरच्या पुलावर ॲम्पच्या कॅबिनेटचं, म्हणजे स्पीकरच्या खोक्याचं, हँडल तुटलं. एका बाजूचा रिव्हेट निघाला, ११ किलोचा डबा पायऱ्यांवर आपटला आणि मागून येणाऱ्या मावशींनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. म्हणून हा रिव्ह्यू, नाहीतर मी आळशी माणूस.

हेड, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, क्लास-डी या हलक्या जातीचं, सव्वा किलोचं, बेसच्या कव्हरच्या खिशात बसतं. कॅबिनेटमध्ये हलक्या निओडिमियम चुंबकाचा एकच १२ इंची स्पीकर, ८ ओहम. आधीचा कॉम्बो, हेड आणि स्पीकर एकाच खोक्यात, २२ किलोचा होता. त्याच्यापायी टॅक्सीवाल्यांची घरं चालली. आता दुपारच्या गाडीला लगेजच्या डब्यातून सगळं एकटा नेतो. हेडवर लिहिलेले ५०० वॅट ४ ओहमच्या स्पीकरवरचे आहेत बरं का, ८ ओहमवर निम्म्याच्या जरा वर मिळतात. भावगीतांच्या कार्यक्रमाला भरपूर. ड्रमरचा हात जड असेल तर घाम फुटतो.

पहिले दोन महिने मी या ॲम्पला शिव्या घातल्या. आवाज नाकातला, खर्ज नावाला नाही, गज लावला की पत्रा खरवडल्यासारखं. विकायलाही काढला होता. पण खोट निघाली माझ्या चिक्कूपणाची. घोडीतला पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पला देणारा तुकडा, पिएझो जातीचा. त्याला समोर निदान १ मेगओहम, जमल्यास १० मेगओहमचं इनपुट हवं, नाहीतर खालचे सूर गळतात. ते देणारा प्रीॲम्प, म्हणजे पिकअप आणि ॲम्पच्या मधली डबी, मी ‘कशाला उगाच खर्च’ म्हणून टाळला होता. शेवटी जुना एक घेतला आणि त्याच स्पीकरमधून लाकूड बोलायला लागलं. त्यावर हाय-पास फिल्टर आहे. सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झची, तिच्या खालचा कचरा कापला की स्पीकर धापा टाकत नाही. फीडबॅक आला, म्हणजे स्पीकरचाच आवाज पिकअपमध्ये शिरून घुमायला लागला, तर सिग्नल उलटा करणारं फेजचं बटण दाबून बघायचं, पुष्कळदा तेवढ्यावर मिटतं.

तेव्हा आवाजाबद्दलचे शब्द मागे. हँडलबद्दलचे नाही. बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी, दोन रिव्हेट. एका खांद्यावर बेस, दुसऱ्या हातात हा डबा. स्टेशनबाहेर येईतो तर्जनी बधिर. आणि वाजवायचं त्याच बोटाने! हे डिझाइन करणाऱ्याकडे गाडी असणार.

सर्व्हिसवाल्यांना तीन फोन केले, बिलाचा फोटो दोनदा पाठवला. उत्तर आलं, ‘सर, हँडल कॉस्मेटिक पार्टमध्ये येतं, वॉरंटीत नाही.’ ११ किलो ज्याच्यावर लटकतात ते कॉस्मेटिक! नवीन मागवायला १,८०० रुपये आणि सहा आठवडे.

स्टेशनबाहेरच्या मोचीने दुहेरी चामड्याचा पट्टा शिवला, आतून मऊ अस्तर, जुन्या भोकांतून जाडे बोल्ट. १५० रुपये. घरी वाजवलं तर खालच्या ए वर बारीक शिट्टी. भोकांतून हवा निसटत होती. पुन्हा गेलो. त्याने सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून घातले आणि विचारलं, ‘आत पेटी आहे का?’ वॉशरचे पैसे घेतले नाहीत.

काल सर्व्हिसचा मेसेज आलाय, हँडल लवकर मिळतंय, ॲडव्हान्स भरा. अजून उत्तर दिलेलं नाही.