शिसवीच्या पाठीची ओएम गिटार: अकरा महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात ही हातानं घडवलेली गिटार पुण्यात घरी आणली. त्याआधी सात वर्षं प्लायवुडचीच वाजवत होते. आई भावगीतं गाते, तिला साथ करायची, म्हणून आवाज मोठा असण्यापेक्षा तारा एकेक स्पष्ट ऐकू येणं महत्त्वाचं होतं. त्यासाठी ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल, हा आकार घेतला. मार्टिन कंपनीनं तो १९२९ साली आणला. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारपेक्षा पेटी, म्हणजे पोकळ अंग, आटोपशीर, कंबर बारीक. बोटांनी वाजवताना खर्ज अंगावर येत नाही आणि आईचा आवाज दबत नाही. माझ्या मते आधी आकार ठरवावा, लाकूड त्यानंतर.

पाठ आणि बाजू शिसवीच्या. ब्राझीलची शिसव मिळणं अवघड झाल्यावर मार्टिननं १९६९ मध्ये नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतली. ते लाकूड आपल्या सह्याद्रीतही वाढतं. आजीचा जेवणाचा पाट शिसवीचाच होता, त्यामुळे पहिल्या दिवशी पेटीच्या आत नाक घातलं तेव्हा वास ओळखीचा वाटला.

पुढची फळी मात्र सिट्का स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाची, आणि मुख्य आवाज तिचाच. सीडर या दुसऱ्या लाकडाच्या फळीची गिटारही वाजवून पाहिली होती. ती पहिल्या दिवसापासून गोड बोलते, पण जरा जोरात छेडलं की तिचा आवाज तिथंच अडतो. स्प्रूस सुरुवातीला आखडलेली वाटली. दिवाळीच्या सुमारास ती मोकळी झाली. आता डी तार छेडली की सूर बराच वेळ रेंगाळतो.

खरी परीक्षा जुलैत झाली. खोलीतली आर्द्रता ८५ टक्के. अशा लाकडाला ४५ ते ५५ टक्के हवी असते. फळीनं ओल धरली, तारा जिथं फळीला अडकवतात त्या ब्रिजच्या मागे फुगली आणि तारा वर उचलल्या गेल्या. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, सहाव्या तारेची उंची २.४ मिलिमीटर होती, ती ३.१ झाली. बार कॉर्ड धरताना, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबताना, तर्जनी दुखायची. गिटारसोबत नुसती कापडी बॅग मिळाली होती आणि पावसाळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला खटकलं. एवढ्या किमतीच्या वाद्याबरोबर तेवढं सांगायलाच हवं. शेवटी कडक केस, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणि ओल शोषणारी पाकिटं स्वतःच घेतली. तीन आठवड्यांत उंची २.६ वर आली.

मार्चमध्ये उलटंच झालं. फ्रेट बसवलेली गळ्यावरची लाकडी पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, सुकून आकसला आणि फ्रेटची टोकं तळहाताला बोचू लागली. ती मात्र गिटार घडवणाऱ्या कारागीरकाकांनी समोर बसवून, कानशीनं घासून एका दुपारी ठीक केली, पैसे न घेता. "काका, पुन्हा पाऊस आला की?" म्हटलं, तर त्यांनी हाडाचं दुसरं, जरा बुटकं सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घडवून हातात ठेवलं, म्हणजे तारा खाली येतील. ते केसच्या खणात आहे. जूनमध्ये तारा बदलताना बसवणार आहे.