वाशीतला परचेस-प्रोक्युरमेंटचा शनिवारचा क्लास: सरांसाठी जा, बाकीचं सोडून द्या

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. एक तर सर अजून तिथेच शिकवतात, आणि अर्धी फी आमच्या ऑफिसने भरलीये, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. तसंही वाशी, कोपरखैरणे, ठाणे सगळीकडे स्टेशनच्या आसपास असे क्लास आहेत आणि पत्रकं थोड्याफार फरकाने सारखीच, त्यामुळे तुम्ही कुठेही जाणार असाल तरी हे वाचून ठेवा.

कोर्स होता 'फंडामेंटल्स ऑफ परचेसिंग अँड प्रोक्युरमेंट इन लॉजिस्टिक्स', आठ शनिवार, दुपारी 2 ते 6, फी 14,500. माझे मार्क 5 पैकी साडेतीन. सरांचे पाच शनिवार वेगळे काढले तर पाचपैकी पाच, आणि उरलेल्या तीन शनिवारांबद्दल मी बोलत नाही, म्हणजे बोलणारच आहे, खाली.

मी महापेला एका थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, म्हणजे दुसऱ्यांचा माल ठेवायचा आणि पोचवायचा. दोन वर्षं अकाउंट्सला बिलं पोस्ट करत होते, मग परचेसवाला मुलगा सोडून गेला आणि साहेब म्हणाले तू बघ आता, वेंडर तुला ओळखतात. झालं, मी परचेस. लोकांना लॉजिस्टिक्स म्हणजे नुसते ट्रक वाटतात, पण गोडाऊन चालवायला जे जे लागतं ते कुणीतरी विकत आणतंच ना, पॅलेट, स्ट्रेच फिल्म, पाच प्लायचे बॉक्स, बारकोड लेबल, फोर्कलिफ्टचे टायर, हाउसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट, भिवंडीच्या गोडाऊनला माणसं नेणारी बस. हे सगळं माझ्या गळ्यात आलं आणि मला येत होतं एकच वाक्य, "दादा थोडं कमी करा ना."

तिसऱ्याच महिन्यात घोळ घातला. पीओवर, म्हणजे परचेस ऑर्डरवर, लिहिलं 'बारकोड लेबल 100 बाय 150, 200 रोल'. तीन कोटेशन घेतली, सगळ्यात स्वस्तवाल्याला ऑर्डर दिली, साहेब खूश. माल आला, पोरांनी रोल लावला, तर प्रिंटरमधून कोरी लेबलं बाहेर. आमच्या भिवंडीच्या प्रिंटरना रिबन नाही, त्यांना डायरेक्ट थर्मल लेबल लागतं, आणि आलेलं होतं रिबनवर चालणारं. वेंडरची काही चूक नाही, मी लिहिलंच नव्हतं. स्टोअरवाल्या काकांनी एक लेबल घेतलं, नखाने ओरखडलं, मला दाखवलं आणि म्हणाले, "काळी रेघ उमटली असती तर आपलं होतं, पोरी." थर्मल कागद गरम झाला की काळा पडतो, नख जोरात घासलं तरी पडतो. हे काकांना माहीत होतं, मला नाही, आणि ऑर्डर देताना काकांना विचारायचं मला सुचलंपण नव्हतं. त्या रात्री घणसोलीला घरी येऊन पहिली गोष्ट काय केली तर क्लास शोधला.

आता फीची गंमत. 14,500 फोनवर सांगितले, मी हो म्हटलं, पहिल्या शनिवारी काउंटरवर पावती हातात आली 17,110 ची. म्हणे प्लस जीएसटी मॅडम. आणि दुसऱ्या शनिवारी सरांनी काय शिकवलं, तर कोटेशन हातात आलं की सगळ्यात आधी बघायचं टॅक्स धरून आहे की वरून, भाडं कुणाचं, पैसे कधी द्यायचे. सर, एक आठवडा आधी शिकवलं असतं तर!

सर पासष्टीच्या आसपास असतील, टीटीसी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सगळी नोकरी परचेसमध्येच गेली. बोलणं एकदम साधं. परचेसिंग आणि प्रोक्युरमेंटमध्ये फरक काय हे पत्रकात आठ ओळीत लिहिलंय आणि वाचून काही कळत नाही. सरांनी विचारलं, घरात लग्नाचा बस्ता कुणी बांधलाय? मग म्हणाले, किती साड्या लागणार, कुणाला कुठल्या, बजेट किती, दादरला जायचं की कल्याणला, मागच्या वेळी कुठल्या दुकानाने रंग जाणारी साडी दिली होती, उरल्या तर परत घेतो का, हे जे घरात महिनाभर चालतं ते प्रोक्युरमेंट, आणि दुकानात गादीवर बसून पैसे मोजले ते परचेस. आमची आई हे काम जन्मभर करतेय, मला तेव्हाच कळलं.

दुसरा शनिवार तर मी विसरणार नाही. सर दोन पिशव्या घेऊन आले, त्यात घडी केलेले दोन पाच प्लायचे बॉक्स आणि घरातला किचनचा वजनकाटा. दोन्ही बॉक्स एकाच मापाचे. एकाचा रेट 38 रुपये, दुसऱ्याचा 41. कुठला घ्याल? वीसपैकी अठरा जणांनी 38 वर हात वर केला, मी पण. सरांनी काट्यावर ठेवले, 41 वाला 620 ग्रॅम, 38 वाला 540. माप तेच मग ऐंशी ग्रॅम गेले कुठे, तर कागदाच्या जीएसएममध्ये, म्हणजे कागदच हलका. मग दोन्ही बॉक्स उभे करून टेप मारली आणि कळंबोलीचा ट्रान्सपोर्टवाला एक दादा आहे आमच्यात, वजनदार माणूस, त्याला म्हणाले चढा. 41 वाल्यावर तो उभा राहून हसत होता. 38 वाल्यावर पाय ठेवला तशी एक बाजू आत गेली आणि सगळा क्लास ओरडला. सर म्हणाले, आता हा पॅलेटवर सगळ्यात खाली आहे आणि वर चार थर आहेत, पावसाळा आहे.

मग फळ्यावर हिशोब मांडला. 38 वाला वापीवरून माल त्याच्या गेटवर देणार, भाडं आपलं. टेम्पो 6,500 आणि त्यात 2,500 बॉक्स, म्हणजे बॉक्समागे 2 रुपये 60 पैसे, झाले 40.60. शंभरातले चार खराब निघतात असं धरलं तर चांगल्या बॉक्सला 42.29 पडले. वर पैसे अॅडव्हान्स, 41 वाला 45 दिवसांची उधारी देतो, तेवढ्या दिवसांचं 12 टक्क्यांनी व्याज धरा, अजून पन्नास-साठ पैसे. गेला जवळजवळ 43 वर, आणि 41 वाला पोच माल देतोय. मी तेव्हा मनातल्या मनात आमच्या गेल्या सहा महिन्यांच्या कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, म्हणजे वेंडरचे रेट शेजारी मांडायचे तक्ते, आठवत होते, एकातही भाड्याचा रकाना नव्हता. सोमवारी ऑफिसला जाऊन पहिलं ते फॉरमॅट बदललं, भाडं, रिजेक्शन, क्रेडिटचे दिवस असे तीन रकाने वाढवले.

चौथा एक रकाना मी स्वतःहून टाकला, कारण मी अकाउंट्सची. वेंडर जीएसटी रिटर्न वेळेवर भरतो का? नाही भरलं तर त्याचं बिल आपल्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही आणि आपण भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट अडकतं, 18 टक्क्यांचा माल असेल तर 3 रुपये रेट पाडून घेतलेला सगळा तिथेच गेला. सरांना सांगितलं तर त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, हे आमच्या वेळी नव्हतं. मला आपलं बरं वाटलं.

पेमेंटच्या विषयावर सर जरा चिडले होते. आमच्या ऑफिसात, आणि क्लासमधल्या बहुतेकांच्या ऑफिसात, वेंडरचे पैसे 90 दिवसांनी देणं म्हणजे मोठा पराक्रम समजतात. सरांनी छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, 2006 सांगितला. समोरचा मायक्रो किंवा स्मॉल म्हणून रजिस्टर्ड उत्पादक किंवा सेवा देणारा असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, करारच नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दर महिन्याला चक्रवाढ व्याज. पीओवर 90 दिवस छापले म्हणून ते चालत नाही. आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही आहे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी दिले त्या वर्षी धरायचा. हे ऐकून आमच्या साहेबांनी पहिल्यांदा माझ्या क्लासमध्ये रस घेतला. आता वेंडर फॉर्ममध्ये उद्यम नंबर, म्हणजे त्या रजिस्ट्रेशनचा नंबर, आम्ही सक्तीने मागतो.

थ्री वे मॅच, म्हणजे पीओ, जीआरएन (माल आल्याची नोंद) आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हे मला माहीत होतं, बाकीच्यांना नवीन होतं. ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती मागवलं तर सगळ्यात स्वस्त पडतं, ते मात्र मला पुस्तकी वाटलं. फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने 1913 मध्ये मांडलेलं सूत्र आहे, वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. मी आमच्या स्ट्रेच फिल्मचं केलं, वर्षाला 2,400 रोल, ऑर्डरमागे 500 रुपये, रोल सांभाळायला वर्षाला 60, उत्तर आलं 200. मोठ्या कौतुकाने काकांना सांगितलं तर म्हणाले, मग आपण महिन्याला किती मागवतो? 200च मागवतो. असो.

पण त्याच शनिवारचं रीऑर्डर लेव्हलचं गणित खरंच कामाचं निघालं. रोज 8 रोल जातात, माल यायला 6 दिवस, झाले 48, वर सेफ्टी म्हणून तीन दिवसांचे 24, म्हणजे रॅकवर 72 उरले की पीआर, म्हणजे परचेसकडे मागणी, टाकायची. आधी आम्ही संपत आलं की टाकायचो, आणि 'संपत आलं' प्रत्येकाचं वेगळं असतं. आता काकांनी रॅकवर लाल टेप लावलीये.

क्राल्जिक मॅट्रिक्सपण सरांनीच शिकवलं, पीटर क्राल्जिकने 1983 मध्ये मांडलेलं, खर्च किती आणि मिळायला अवघड किती यावरून मालाचे चार गट पाडायचे. मला त्यातला बॉटलनेक गट सगळ्यात जास्त पटला, किंमत चिल्लर पण मिळाला नाही तर काम बंद. आमच्याकडे फोर्कलिफ्टच्या चार्जरचा कनेक्टर गेला होता, गाडी दोन दिवस उभी. त्याच्यासाठी घासाघीस करत बसायचं नसतं, दोन जास्तीचे आणून कपाटात टाकायचे.

आता उरलेले तीन शनिवार. इनकोटर्म्सला, म्हणजे आयात-निर्यातीत भाडं, विमा, जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या नियमांना, सर नव्हते, एक नवीन ट्रेनर आला, पीपीटी वाचून दाखवली. त्यात डीएटी होतं! इनकोटर्म्स 2020 मध्ये डीएटी (टर्मिनलला पोच) काढून डीपीयू (ठरल्या जागी उतरवून पोच) आलंय, 1 जानेवारी 2020 पासून, आणि हे ट्रेनरला सांगितलं कुणी तर आमच्यातल्याच एका मुलाने, उरणहून येतो, द्रोणागिरीला सीएफएसमध्ये, म्हणजे पोर्टबाहेरच्या कंटेनर यार्डात, नोकरी. त्या दिवशी खरा क्लास त्यानेच घेतला. सीआयएफ म्हणजे सप्लायरने भाडं आणि विमा न्हावा शेवापर्यंत भरलाय, पण माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम आपली, हे अर्ध्या वर्गाला उलटं माहीत होतं. डेमरेज म्हणजे कंटेनर पोर्टवर पडून राहिला त्याचे, डिटेन्शन म्हणजे जहाज कंपनीचा कंटेनर बाहेर नेऊन फ्री दिवसांत परत दिला नाही त्याचे, आणि सीएफएसचं ग्राउंड रेंट अजून वेगळं. मग त्यानेच लँडेड कॉस्ट, म्हणजे आयात माल आपल्याला केवढ्याला पडतो ते, काढून दाखवली, 10 लाख सीआयएफ, कस्टम ड्युटी साडेसात टक्के धरली तर 75,000, तिच्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज 7,500, मग 10,82,500 वर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 1,94,850. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ड्युटी आणि सरचार्ज पोटात घालायचे. लीड टाइमचं, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतच्या दिवसांचं, म्हणाला, 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली तेव्हा दीड-दोन आठवडे वाढले, ज्यांची सेफ्टी चार दिवसांची होती त्यांचं उत्पादन थांबलं. ट्रेनर खुर्चीत बसून नोट्स काढत होता, खोटं नाही सांगत.

एसएपीचा, म्हणजे कंपन्या परचेस-अकाउंट्ससाठी वापरतात त्या सॉफ्टवेअरचा, शनिवार म्हणजे तर फसवणूकच म्हणायची. पत्रकात 'हँड्स ऑन' छापलंय आणि वर्गात एकही कॉम्प्युटर नाही, प्रोजेक्टरवर स्क्रीनशॉट. कुठल्या स्क्रीनला काय, एमई21एन ला पीओ, मिगोला जीआरएन, मिरोला बिल, एवढं तर यूट्यूबवर फुकट आहे. आठवा शनिवार इंटरव्ह्यू स्किल्सचा, त्यात टाय कशी बांधायची ते होतं. 'शंभर टक्के जॉब असिस्टन्स' म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप, सकाळी गुड मॉर्निंग आणि आठवड्यातून एकदा तीच जाहिरात, फ्रेशर चालेल, बाइक असावी.

मग जायचं का? फ्रेशर असाल आणि नोकरीच्या आशेने जात असाल तर नको. सीव्हीवर वजन पाहिजे असेल तर आयआयएमएमचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट) डिप्लोमा आहेत, त्यांचं मुख्यालय आपल्या सीबीडी बेलापूरलाच आहे, वेळ काढून तिकडे चौकशी करा. पण परचेस किंवा स्टोअरच्या खुर्चीत आधीच बसला असाल आणि कुणी शिकवलं नसेल तर सरांचे पाच शनिवार 17,110 ला महाग नाहीत, माझ्या त्या 200 रोलपेक्षा तर नाहीच. भरायच्या आधी फक्त विचारा कुठला विषय कोण घेणार, आणि डेमो लेक्चर मागा, मालाचं सॅम्पल मागतो तसं.

रोलचं विचाराल तर साठेक आमच्या तळोज्याच्या गोडाऊनला लागले, तिथे रिबनचे प्रिंटर आहेत, बाकीचे हळूहळू जातायत. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दुरुस्तीला दिलंय. लीड टाइम दोन आठवडे सांगितला होता, आता सहावा चालू आहे, उद्या परत फोन करते.