फोंड्याजवळचा सत्यवचनाचा वर्ग: वही उत्तम, वेळ अपुरा

देवळाच्या सभामंडपात दर रविवारी दीड तास, असे 6 आठवडे. पाया गीतेच्या 17व्या अध्यायातला 15वा श्लोक: बोलणं उद्वेग न करणारं, सत्य, प्रिय आणि हितकर हवं. चारही अटी एकदम. यावर दोन रविवार जातात ते योग्यच. 'मी बाबा स्पष्टवक्ता' म्हणत समोरच्याला सोलून काढणारे इथेच अडकतात.

खरं काम वहीचं. रात्री 10 मिनिटं, दिवसभरातली तीनच खोटी किंवा फुगवलेली वाक्यं, बोलली तशीच लिहायची. शेजारी कारण: भीती, लोभ, भीड की सवय. हातात चहाचा कप आणि फोनवर 'वाटेतच आहे, पाच मिनिटांत पोचतो', ही सवय. मासळीवालीला 'पलीकडे स्वस्त आहेत बांगडे', हा लोभ. बहुतेकांची वही भरते ती भिडेनेच: 'बघतो, जमवतो' म्हणजे नाहीच की! दुसऱ्या आठवड्यात खोटं वाढल्यासारखं वाटतं. ते वाढलेलं नसतं, दिसायला लागलेलं असतं. नेमकं तिथेच लोक वही सोडतात.

मौनाचा भाग कच्चा. सकाळी एक तास मौन, पण मोबाइल बंद करायला कोणी सांगत नाही, मग बोटं बोलत राहतात. आजार, स्थळाची चौकशी अशा ठिकाणी कटू सत्य कसं सांगावं, याला जेमतेम 20 मिनिटं. योगसूत्रांतल्या यमांत, म्हणजे स्वतःवर घालायच्या पाच बंधनांत, सत्याच्या आधी अहिंसा का, हे तिथेच उलगडायला हवं होतं.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात वर्ग नसतो, तारखा बघून नाव घाला.