लिनक्सवर गेमिंग, तेही वायफायवर: डब्ल्यूपीए सप्लिकंट ठेवायचं की आयडब्ल्यूडी लावायचं?

केबल टाकता येत असेल तर सरळ केबल टाका, पुढचं वाचायची गरज नाही. आमच्याकडे राऊटर हॉलमध्ये, माझं टेबल आतल्या खोलीत, घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत आणि पॅसेजमधून आडवी वायर टाकली तर आजीचा पाय अडकेल म्हणून ते मीच नको म्हटलं. मग उरलं वायफाय. आणि फेडोरावर (लिनक्सचाच एक प्रकार) गेम खेळताना वायफाय त्रास द्यायला लागलं की कधी ना कधी हा प्रश्न येतोच, की नेटवर्कमॅनेजरच्या, म्हणजे नेट जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, खाली वायफाय प्रत्यक्ष जोडायचं काम कोणाला द्यायचं: जुन्या डब्ल्यूपीए सप्लिकंटला की नव्या आयडब्ल्यूडीला. मी दोन्ही वापरलीत, सप्लिकंट बरीच वर्षं आणि आयडब्ल्यूडी साधारण दीड वर्ष.

माझा त्रास एकच होता पण अगदी जीव खाणारा. काउंटर-स्ट्राइक २ खेळताना मुंबईच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) विशीत, एकदम स्थिर, आणि मग दर दोनेक मिनिटांनी एक-दोन सेकंदांसाठी तीनशे-चारशेवर उडी, की परत विशीत. स्पीड टेस्ट केली तर सगळं मस्त. नेमकं बॉम्ब डिफ्यूज करताना व्हायचं, टीममधली पोरं माझ्यामुळे राउंड हरायची, फार वाईट वाटायचं. इंटरनेटवाल्यांना फोन करून झाले, त्यांनी राऊटर बदलून दिला, तरी तेच.

शेवटी एका रात्री नीट बसलो. दोन टर्मिनल उघडले, एकात राऊटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग लावला, दुसऱ्यात १.१.१.१ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या एका सर्व्हरला. उडी दोन्हीकडे एकाच क्षणी. म्हणजे दोष बाहेरच्या लाइनीत नव्हताच, लॅपटॉप ते हॉल एवढ्याच अंतरात होता! पहिला संशय वायफायच्या पॉवर सेव्हवर, नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय-पॉवरसेव्ह २ केलं की ते बंद होतं, त्याने बारीक थरथर कमी झाली पण मोठी उडी तशीच. मग तिसऱ्या टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू इव्हेंट' ही वायफाय कार्ड काय करतंय ते दाखवणारी कमांड वेळेसकट चालू ठेवली आणि तिथे सापडलं: ज्या सेकंदाला उडी, त्याच सेकंदाला 'स्कॅन स्टार्टेड'.

कारण कळल्यावर सोपं आहे. माझं कार्ड एका वेळी एकाच चॅनेलवर ऐकू शकतं. आजूबाजूची नेटवर्कं बघायला ते आपलं चॅनेल सोडून बाकीच्यांवर फेरी मारतं, तेवढा वेळ तुमची पॅकेटं थांबून राहतात. पाच गिगाहर्ट्झमधल्या, रडारही वापरतात अशा चॅनेलांवर तर कार्डाला स्वतःहून हाक मारायची परवानगी नसते, समोरच्या राऊटरचा बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा संदेश, यायची वाट बघावी लागते आणि तो साधारण १०० मिलिसेकंदांनी एकदा येतो. अशी पाच-दहा चॅनेलं धरा. व्हिडिओ बघताना हे कळतही नाही, गेममध्ये मरतो माणूस.

आता सप्लिकंटवर यावर उपाय आहे, नाही असं नाही. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या कनेक्शनला राऊटरचा बीएसएसआयडी (त्याच्या वायफायचा स्वतःचा पत्ता) पक्का लिहून टाकला की पाठीमागचं स्कॅनिंग थांबतं. मी केलं, उड्या गेल्या. एकाच जागी बसणारा डेस्कटॉप असेल तर इथेच थांबलात तरी चालेल असं मला वाटतं. पण माझा लॅपटॉप आहे आणि बेडरूममध्ये दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचं वायफाय देणारा आणखी एक डबा आहे, बीएसएसआयडी बांधल्यावर तो बेडरूममध्ये नेला तरी हॉलच्याच राऊटरला चिकटून राहायचा, एक दांडी सिग्नल असला तरी. मग दर वेळी सेटिंग काढा, परत घाला. दोन आठवड्यांत कंटाळलो.

आयडब्ल्यूडी इथे मला आवडलं. जोडलेलं असताना ते उगाच फेरी मारत नाही, सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला (मूळ सेटिंगमध्ये -७० डीबीएम, पाच गिगाहर्ट्झला -७६; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) तरच दुसरा पॉइंट शोधायला निघतं. माझ्या टेबलावर सिग्नल -५८ च्या आसपास असतो, म्हणजे खेळताना तो प्रश्नच येत नाही, आणि बेडरूममध्ये गेलो की आपोआप तिकडे उडी मारतं. लॅपटॉप झोपेतून उठवला की स्टीम उघडेपर्यंत नेट लागलेलं असतं, सप्लिकंटला माझ्याकडे जरा जास्त वेळ लागायचा, घड्याळ लावून मोजलेलं नाही पण फरक जाणवतो. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्रावरही आयडब्ल्यूडीच आहे, तिथे डेव्हलपर सेटिंगमधून सप्लिकंटवर जाता येतं, म्हणजे काहींना तेच बरं पडत असणार, ते मान्य.

सप्लिकंटच्या बाजूने खरं बोलायचं तर ते २००३ पासूनचं, सगळीकडे चाललेलं, अँड्रॉइडमध्येसुद्धा तेच. कॉलेज किंवा ऑफिसचं युजरनेम-पासवर्डवालं वायफाय असेल तर आयडब्ल्यूडीला वेगळी फाईल लिहून द्यावी लागू शकते, तिथे मी सप्लिकंटच ठेवा म्हणेन. लॅपटॉपचा हॉटस्पॉट वरचेवर करत असाल तरीही.

बदलताना माझ्या दोन चुका झाल्या त्या सांगतो. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये वायफाय-बॅकएंड आयडब्ल्यूडी लिहिलं पण सप्लिकंटची सर्व्हिस चालूच ठेवली, दोघं एकाच कार्डावर बसले आणि नेट लागायचं-तुटायचं. ती मास्क करा, म्हणजे सुरूच होणार नाही अशी बंद करा. दुसरं, आयडब्ल्यूडीच्या स्वतःच्या फाईलमध्ये 'एनेबल नेटवर्क कॉन्फिगरेशन' चालू करू नका, आयपी घ्यायचं काम नेटवर्कमॅनेजरकडेच राहू द्या. कार्डाचं नाव बदलून डब्ल्यूलॅन० होऊ शकतं, जुन्या स्क्रिप्ट असतील तर तपासा. आणि खेळताना पॅनेलमधली वायफायची यादी उघडी ठेवू नका, ती उघडली की स्कॅन मागितला जातो, मग खाली कोणीही असो.

आधी मात्र 'आयडब्ल्यू इव्हेंट' लावून बघाच. उडीच्या वेळी स्कॅनची ओळ येत नसेल तर तुमचा त्रास वेगळा आहे आणि हा बदल करून हाती काही लागणार नाही. आवडलं नाही तर ती एक फाईल काढायची, सप्लिकंट अनमास्क करायचं, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट, पाच मिनिटांत जिथे होतात तिथे परत.